आई-बाबा, नव्या न्हाणीच्या गरम पाण्याचं

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर निम्मं सांगायचं राहून जातं आणि बाबा ‘बघूया’ म्हणून विषय संपवतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. बाबा, आईलाही वाचून दाखवा. मागच्या दाराला लागून खोली आणि तिलाच जोडून न्हाणी काढताय हे फार बरं झालं, पावसात अंगण ओलांडून न्हायला जायचं तुमच्या वयात आता नकोच. पण प्लास्टर व्हायच्या आधी गरम पाण्याचं काय ते पक्कं करा, एकदा टाइल्स बसल्या की पाइपसाठी परत भिंत फोडावी लागते.

पहिलं म्हणजे गॅस गिझर नको. भावजींकडे छान चालतोय, लाईट नसली तरी पाणी मिळतं आणि वाळपईकडे पावसात लाईट किती जाते ते मला माहीत आहे, तरीही नको. तो गॅस न्हाणीतलीच हवा खाऊन जळतो, हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग, माणसाला गरगरतं आणि दाराला आतून कडी असते. आपली न्हाणी पाच बाय सात, आणि पावसाची झड आली की तुम्ही खिडकी लावून घेणारच. मला इकडे वास्कोत झोप लागणार नाही. बादलीत टाकायचा रॉडही आता बंद करा बाबा, चालू असताना पाण्यात बोट घालून बघायची सवय आहे तुम्हाला.

आपल्याला साधा टाकीवाला विजेचा गिझर पुरे. हिशोब सांगते. टाकीचं पाणी साधारण २६ अंशाला असतं, ते १५ लिटर ६० अंशापर्यंत तापवलं आणि अंगाला सोसेल असं ४० ला आणलं तर ३६ लिटर होतं, म्हणजे दोन बादल्या, वीज जेमतेम पाऊण युनिटच्या आत. तुम्हा दोघांना हे चालेल, पण चवथीला आम्ही सगळे येतो तेव्हा आरतीच्या आधी रांग लागते, म्हणून २५ लिटरचा घ्या, तीन बादल्या निघतात आणि २ किलोवॅटचा असेल तर अर्ध्या तासात पुढचं पाणी तयार. तो चिऱ्याच्या भिंतीवरच टांगायला सांगा, मधल्या चार इंची विटांच्या भिंतीवर नको, भरलेला गिझर तीस-पस्तीस किलोच्या पुढे जातो. आणि त्याच्या खालच्या वॉल्व्हमधून पाणी ठिबकलं तर कोणाला बूच मारू देऊ नका, प्रेशर वाढलं की ते तिथूनच बाहेर पडायचं असतं, ती वाट बंद केली तर टाकी फुटू शकते.

बाबा, आता तुमच्या पायांचं. साखरेमुळे तळव्यांना गरम-गार नीट कळत नाही असं डॉक्टर म्हणालेत ना, आणि ६० अंशाचं पाणी चार-पाच सेकंदांत चामडी भाजतं. गिझर ४५ वर ठेवून भागत नाही, कोमट पाणी टाकीत साठून राहिलं की त्यात जंतू वाढतात. म्हणून गिझर ६० ला ठेवायचा आणि नळाच्या आधी थर्मोस्टॅटिक मिक्सर बसवायचा, तो ४२ ला लावला की नळातून त्याहून जास्त गरम येतच नाही. आपली टाकी फार उंच नाही, तेव्हा कमी प्रेशरला चालणाराच मागा. पैसे मी देते, त्यावर वाद नको. आणि तो बसेपर्यंत बादलीत आधी गार पाणी, मग गरम, हे आईने बघायचं.

वायरिंगमध्ये काटकसर नको. मेन बोर्डापासून गिझरला वेगळी वायर, तिला वेगळा एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच, गिझरचं बटण न्हाणीच्या बाहेर, आणि ३० मिलिअँपचा आरसीसीबी, कॉइल फुटून पाण्यात करंट उतरला तर तो क्षणात लाईट तोडतो. जुन्या घराचं अर्थिंग मला नावालाच वाटतं, नवा खड्डा करून घ्या आणि एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी घालत जा, आपला चिऱ्याचा कातळ उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा होतो, मग अर्थिंग नीट लागत नाही.

सोलरचं आईच्या मनात आहे ते मला पटतं, ऊन फुकट आहे. फक्त यंदा नको. कौलांवर ती टाकी बसत नाही, नव्या स्लॅबवर बसेल, पण गार पाण्याची टाकी सोलरच्याही वर लागते, म्हणजे उंच स्टँड आला. शिवाय दक्षिणेला आपले माड, सावली तर पडतेच पण एक नारळ पडला की काचेच्या नळ्या गेल्या. आणि जून ते सप्टेंबर गिझर लागणारच. म्हणून आत्ता फक्त स्लॅबमधून गिझरपर्यंत दोन पाइप घालून तोंडं बंद करून ठेवा, पुढे माड उतरवायचे ठरले तर बघू. गरम पाण्याचा पाइप सीपीव्हीसीचाच हवा, साधा पांढरा पीव्हीसी मऊ पडून वाकतो. अंतर कमी ठेवा, पाऊण इंची पाइपात मीटरमागे पाव लिटर पाणी असतं, गिझर लांब लावला तर रोज तेवढं गार पाणी आधी ओतून द्यावं लागतं.

खोलीत हीटर लावायचं म्हणत होतात. आपल्याकडे थंडी कुठे एवढी असते, त्रास होतो तो ओलीचा. समोरासमोर दोन खिडक्या ठेवा, न्हाणीला एक्झॉस्ट फॅन लावा, स्लॅबचं वॉटरप्रूफिंग नीट करून घ्या, गुडघ्यांना तेवढ्यानेच बरं वाटेल.

आणि आई, तुझं पाणी तापवायचं तांब्याचं भाण कोणी मोडीत काढणार नाही. जुनी न्हाणी पाडायची नाही. लाईट गेली तर चुडतं-करवंट्या घालून तिथे पाणी तापवता येईल, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे आम्हाला तिथलंच पाणी हवं. पण रोज तो धूर नको, तुझा खोकला गेली दोन वर्षं हटत नाही.

मिस्त्रीकडून एक मोजून पाठवा, न्हाणीच्या दारावरच्या पट्टीपासून स्लॅबपर्यंत किती जागा राहते ते. गिझर उभा घ्यायचा की आडवा ते त्यावर ठरेल.

तुमची,
बाय