तळ्याकाठचा कचरा नेमका जातो कुठे?

मा. संपादक,
स. न.

तळ्याकाठच्या कचऱ्यावर कालच्या अंकात पहिल्या पानावर आलेले वृत्त आणि त्यासोबतचे स्वच्छता मोहिमेत हाती झाडू घेतलेल्या मान्यवरांचे छायाचित्र पाहून हे पत्र लिहायला बसलो आहे. पर्यटक बेशिस्त आहेत, त्यांच्यात जनजागृती व्हायला हवी आणि काठावर कचरापेट्या वाढवायला हव्यात, असा त्या वृत्ताचा एकूण सूर आहे. पर्यटक बेशिस्त आहेत हे मला मान्य आहे आणि त्यांची बाजू घेण्यासाठी मी लिहीत नाही. परंतु जो कचरा मुकाट्याने पेटीत टाकला गेला, त्याचे पुढे काय होते, हे आपल्या वार्ताहराने कोणालाही विचारलेले दिसत नाही, आणि माझा सगळा राग त्या न विचारलेल्या प्रश्नावर आहे.

गेल्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब तळ्याला अगदी लागून असलेल्या एका निवासात उतरलो होतो. निवासाचे नाव येथे देत नाही, कारण हा प्रकार केवळ तेथेच चालतो असे मला वाटत नाही. पहाटे जाग आली म्हणून पाण्याकडे गेलो, तर तेथील एक कर्मचारी खराट्याने हिरवळ झाडत होता. आदल्या रात्री कोणाचा तरी वाढदिवस साजरा झाला होता. त्यातले कागदी पेले, स्ट्रॉ, फुटलेले फुगे, सिगारेटची थोटके आणि उष्ट्या ताटल्या त्याने एका कडेला ओढून आणल्या आणि पाहता पाहता तो सारा ढीग काठावरच्या पाणकणसांच्या बेटात लोटून दिला. त्यानंतर त्याने हिरवळीवरच्या कचरापेट्या एकेक करून आणल्या आणि त्याही तेथेच उपड्या केल्या. मी पाणकणसे बाजूला सारून खाली वाकून पाहिले, तेव्हा बुडाशी जुन्या कचऱ्याचा थर बसलेला दिसला. बाटल्यांची झाकणे, उन्हाने पिवळ्या पडून हात लावताच चुरा होणाऱ्या पिशव्या, काचा आणि गळाच्या नायलॉन दोऱ्याचा गुंता. त्या गुंत्यात एक टिबुकली, म्हणजे लहानसा पाणपक्षी, मरून पडली होती. दोऱ्याचे वेढे तिच्या पायाच्या कातडीत रुतले होते आणि तिने सुटण्यासाठी केलेल्या धडपडीने आजूबाजूचे गवत चिखलात तुडवले गेले होते.

त्या कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही. पाहुणे उठायच्या आत हिरवळ स्वच्छ दिसली पाहिजे, एवढाच हुकूम त्याला होता आणि तो त्याने पाळला. मी व्यवस्थापकांकडे गेलो. ते सौजन्याने बोलले, चहाही विचारला, आणि म्हणाले, “साहेब, कचऱ्याची गाडी इथपर्यंत येत नाही. पावसाळ्यात पाणी चढलं की जातं सगळं वाहून. आणि उष्टं काय, ते मासेच खातात.” हे तिन्ही खुलासे इतक्या सहजपणे आले की ते अनेकांना अनेकदा देऊन झाले असावेत. गाडी येत नाही, हे कदाचित खरे असेल. बाकीची दोन विधाने मात्र साफ चुकीची आहेत आणि ती खपवून घेतली जातात म्हणूनच तळ्यांची ही अवस्था झाली आहे, म्हणून त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

तळे म्हणजे नदी नव्हे. वाहून जायला त्याला बहुधा एखादीच अरुंद वाट असते आणि तळ्यातले पाणी संपूर्ण बदलायला तळ्याच्या आकारमानानुसार कित्येक वर्षे लागू शकतात. उत्तर अमेरिकेतील सुपीरियर सरोवराचे पाणी बदलायला सुमारे 190 वर्षे लागतात, तर तेथल्याच लेक टाहो या सरोवराला सुमारे 650 वर्षे. लहान तळ्यांचा हिशेब अर्थातच वेगळा असतो, पण तेथेही पाणी चढल्यावर काठावरचा कचरा तळ्याबाहेर जात नाही, तो खोल पाण्यात जातो आणि तळाशी बसतो. याच लेक टाहोचा 72 मैलांचा संपूर्ण काठ पाणबुड्यांनी 2021 आणि 2022 या दोन वर्षांत बुड्या मारून साफ केला, तेव्हा काठालगतच्या उथळ पाण्यातूनच 25 हजार पौंडांहून अधिक, म्हणजे 11 टनांपेक्षा जास्त कचरा वर आला. ज्या पाण्याच्या नितळपणाची ख्याती जगभर आहे, त्याच्या तळाशी एवढे साठले होते आणि वरून पाहणाऱ्याला ते दिसत नव्हते. ‘नेचर’ या नियतकालिकात 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 23 देशांतील 38 तळी आणि जलाशय तपासले गेले. त्या प्रत्येकात प्लास्टिकचे सूक्ष्म कण सापडले. “वाहून जातं” असे म्हणणाऱ्यांनी, ते वाहून नेमके कोठे जाते, हे एकदा सांगावे.

उष्टे मासे खातात, हेही तसेच. माशांनी थोडे खाल्ले तरी उरलेले अन्न कुजते आणि त्यातले फॉस्फरस पाण्यात मिसळते. कॅनडात 1973 साली शास्त्रज्ञांनी एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन सोडले, पण फॉस्फरस एकाच भागात. तो भाग शेवाळाने हिरवागार झाला आणि दुसरा पूर्वीसारखाच राहिला. शेवाळ मरून कुजू लागले की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि ज्या माशांच्या नावाने उष्टे टाकले, तेच मासे गुदमरतात. थोटकांविषयी तर कोणी बोलतच नाही, कारण ती दिसायला चिमूटभर असतात. सिगारेटच्या टोकाचा पांढरा भाग कापसाचा नसून सेल्युलोज अॅसिटेटचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचाच असतो. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात लिटरभर पाण्यामागे साधारण एक ओढलेले थोटूक, एवढ्या प्रमाणातच 96 तासांत निम्मे मासे मेले. त्या पहाटे पाणकणसांत गेलेल्या ढिगात अशी थोटके किती होती, ते मी मोजले नाही, पण ओंजळभर तरी नक्कीच होती.

आता आपल्या वृत्तातल्या उपायांकडे येतो. दिसणारी स्वच्छता निरुपयोगी आहे असे मी मुळीच म्हणत नाही. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे झालेल्या आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका गल्लीत उभ्या केलेल्या सायकलींना जाहिरातीचे कागद अडकवले होते. भिंत स्वच्छ होती तेव्हा 33 टक्के लोकांनी ते कागद खाली टाकले; त्याच भिंतीवर रंगाने रेघोट्या मारून ठेवल्या, तेव्हा 69 टक्क्यांनी. घाण पाहून घाण वाढते, यात शंका नाही आणि म्हणून रोज झाडलोट झालीच पाहिजे. पण घर झाडायचे आणि केर पलंगाखाली सारायचा, याला झाडलोट म्हणत नाहीत. कचरापेट्या वाढवण्याने तर हा प्रश्न सुटणार नाही, उलट वाढेल. पाण्यापासून चार पावलांवर ठेवलेली, झाकण नसलेली पेटी सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत ओसंडून वाहते, कावळे आणि कुत्री ती विस्कटतात आणि वारा उरलेले काम करतो. पेटी हवीच असेल तर ती काठावर नको, वाहनतळाजवळ हवी, झाकणाची हवी आणि ती रोज रिकामी करण्याची जबाबदारी कोणाची, हे तिच्यावर लिहिलेले हवे. त्याहून बरे म्हणजे आलेल्या प्रत्येकाने आपला कचरा आपल्यासोबत परत न्यावा. भरलेली बाटली तळ्यापर्यंत आणता येते, तर रिकामी परत नेणे अवघड नाही.

ज्यांना हे सांगून कळत नाही, त्यांच्यासाठी अनामत रक्कम हा साधा उपाय आहे. तमिळनाडूत नीलगिरी जिल्ह्यात पर्यटक दारूच्या बाटल्या रानात फेकत आणि त्यांच्या काचांनी वन्यप्राणी जखमी होत. तेथे न्यायालयाच्या आदेशानंतर 2022 पासून प्रत्येक बाटलीमागे 10 रुपये अनामत घेतली जाऊ लागली आणि रिकामी बाटली परत केली की ती रक्कम मिळते. अमेरिकेतील ओरेगन राज्याने तर अशा अनामतीचा कायदा 1971 सालीच केला. तळ्याकाठच्या प्रत्येक दुकानाला आणि निवासाला हे करता येण्याजोगे आहे. त्यासाठी कोणाची जनजागृती होण्याची वाट पाहायची गरज नाही.

निवासांसाठी मात्र एवढ्याने भागणार नाही. पर्यटक दोन दिवस राहून निघून जातो. निवास बाराही महिने तेथेच असतो आणि त्याच तळ्याच्या नावावर चालतो. त्यामुळे परवान्याचे नूतनीकरण करताना वर्षभरातला कचरा कोठे पोहोचवला, याची पावती मागितली जावी आणि ती नसेल तर परवाना रोखला जावा. सध्या दंड होतो तो हातातून पिशवी टाकणाऱ्या माणसाला, आणि पहाटे पेट्याच्या पेट्या पाण्यात रिकाम्या करणारा मोकळा राहतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा कारभार आहे.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याच दैनिकाशी संबंधित असल्याने लिहिताना मला वाईट वाटते. ज्या अंकात पहिल्या पानावर कचऱ्याबद्दल हळहळ व्यक्त झाली, त्याच अंकाच्या पर्यटन पुरवणीत सुट्टी कशी संस्मरणीय करावी याचे नमुने म्हणून तळ्यावर एकाच वेळी सोडलेल्या रंगीत फुग्यांचे मोठे छायाचित्र छापले आहे. ते फुगे खाली येतात. त्यांच्या चिंध्या आणि रिबिनी पाण्यावर तरंगतात, पक्षी व मासे त्यांना खाद्य समजतात आणि रिबिनी पायांत अडकतात. गळाच्या दोऱ्याने काय होते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. रिबिनीने त्याहून वेगळे काही होणार नाही. पुरवणीचे काम पाहणाऱ्यांना असे छायाचित्र पुन्हा न छापण्याची सूचना आपण द्यावी, ही विनंती आहे.

आपल्या वार्ताहराला पुन्हा तळ्याकडे पाठवावे, मात्र मोहिमेच्या दिवशी नव्हे. सुट्टी संपल्यानंतरच्या पहाटे, उजाडायच्या आत पाठवावे. प्रत्येक निवासात जाऊन कालचा कचरा कोणत्या गाडीने, कोठे आणि कोणाच्या ताब्यात गेला हे विचारावे, पावती पाहावी आणि ज्यांच्याकडे पावती नसेल त्यांची नावे छापावीत. जागेअभावी या पत्राला कात्री लावावी लागली तर आकडे गाळावेत, ही मागणी गाळू नये.

आपला,
एक नियमित वाचक