हाकानिएमीच्या मटारवाल्या आजींना

आजी, सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे ते तुम्हाला वाचता येणार नाही. पण एवढं सगळं सांगण्याइतकं फिन्निश अजून माझ्यापाशी नाही आणि इंग्रजीत लिहिलं तर तुम्ही माझ्यासाठी जे केलंत त्यावरच पाणी पडेल. हेलसिंकी आणि शेजारच्या एस्पो शहरातली बरीच मराठी मंडळी शनिवारी हेलसिंकीतल्या या हाकानिएमीच्या बाजारात येतात. त्यांच्यापैकी कुणीतरी निरोप पोचवेल, या भरवशावर लिहिते आहे.

भाव विचारणं ही माझ्यासाठी साधी गोष्ट नाही. नाशिकला आईबरोबर भाजीबाजारात जायला लागल्यापासून 'कशी दिली मेथी?' हे माझ्या तोंडात बसलेलं आहे. भाव विचारला की बोलणं सुरू होतं, ओळख होते, पुढच्या वेळी जुडीवर दोन काड्या जास्त पडतात. इथे फिनलंडमध्ये आल्यावर हे सगळं एकदम बंद झालं. सुपरमार्केटात विचारायला वावच नाही. फळीवरच्या पट्टीवर वस्तूची किंमत, खाली किलोचा भाव, सगळं छापलेलं. पिशवी भरा, यंत्रापुढे धरा, कार्ड टेकवा आणि बाहेर पडा. आठवडेच्या आठवडे परक्या माणसाशी एक शब्द न बोलता घर चालवता येतं, आणि मी ते चालवलं.

फिन्निशच्या वर्गात भाव विचारायचा धडा लवकर येतो. 'पाल्योन्को तॅमॅ माक्सा?', म्हणजे 'हे केवढ्याला?', हे पाठ झालं. खरी पंचाईत पुढे, उत्तर ऐकताना. वर्गात पंचवीसला 'काक्सिक्युम्मेन्तॅवीसि' शिकवतात आणि बाजारात त्याचंच 'काक्सक्युत्वीस' होऊन कानावरून निघून जातं. ते कानात बसायचं तर पुन्हा पुन्हा ऐकायला हवं, आणि ऐकवणारं कुणी हवं.

ते कुणी मिळत नव्हतं. मी 'पाल्योन्को' म्हटलं की समोरून इंग्रजी. बेकरीत इंग्रजी, फुलवाल्याकडे इंग्रजी, कपड्यांच्या दुकानात तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आतच इंग्रजी. एका दुकानातल्या मुलीने नुसता कॅल्क्युलेटर वळवून माझ्यासमोर धरला. त्यांना वाटत असेल की आपण मदत करतो आहोत. पण ज्या देशात नागरिकत्वासाठी फिन्निश नाहीतर स्वीडिश येत असल्याचा दाखला लागतो, जिथे उठताबसता 'भाषा शिका' असं सांगितलं जातं, तिथे भाषा शिकणाऱ्या माणसाला दोन मिनिटं द्यायला कुणी तयार नसावं, याचा मला राग आहे. आपली माणसंही काही कमी नव्हती. 'इंग्रजीवर सगळं भागतं, कशाला डोकं फोडतेस?' हे मी आपल्याच मंडळींकडून मराठीत ऐकलं आहे.

आणि मग जुलैत तुम्ही भेटलात.

मटारचा हंगाम होता. १९१४ सालच्या त्या लाल विटांच्या मार्केटसमोर, चौकात, तुमच्या टेबलावर शेंगांचा ढीग होता. इथे मटार लिटरच्या मापाने मिळतो आणि लोक तो घरी नेईपर्यंत थांबत नाहीत. चालता चालता शेंगा सोलून कच्चे दाणे तोंडात टाकतात. मी विचारलं, 'पाल्योन्को लित्रा माक्सा?' तुम्ही म्हणालात, 'कूस वीसक्युत.' मला कळलं नाही. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असणार, कारण मागे उभ्या असलेल्या तरुणाने लगेच इंग्रजीत आकडा सांगायला सुरुवात केली. तुम्ही त्याच्याकडे बघून मान हलवलीत. माझी नजर ढिगात खोचलेल्या भावाच्या पाटीकडे वळली, तर तुम्ही तिच्यावर हात ठेवलात. मातीने नखं काळी झालेला, सुरकुतलेला, मोठा हात. आकडा पुरता झाकला गेला.

मग तुम्ही एकेक शब्द सुटा करून म्हणालात, 'कूसि एउरोआ, वीसिक्युम्मेन्तॅ सेन्त्तिॲ.' आणि थांबलात. मागे रांग होती, तरी थांबलात. साडेसहा युरो! मी तो आकडा तुमच्यासारखाच म्हणून दाखवला. तुम्ही 'नीन', म्हणजे 'असंच', म्हणालात, पाटीवरचा हात काढलात आणि माप भरायला घेतलंत.

आजी, मला सगळ्यात जास्त काय भिडलं सांगू? तुम्ही मला शाबासकी दिली नाहीत. 'वा, किती छान फिन्निश बोलता' असं म्हणाला नाहीत. ते मी पुष्कळ ऐकलं आहे, आणि ते म्हणणारा माणूस पुढचं वाक्य इंग्रजीतच बोलतो. तुम्ही माप शिगोशीग भरलंत, कागदी पिशवीत ओतलंत आणि विचारलंत, 'एन्तॅ मान्सिकोइता?' स्ट्रॉबेरी हव्यात का? कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारावं तसं. तेव्हा मला या गावात पहिल्यांदा गिऱ्हाईक झाल्यासारखं वाटलं. ट्राममध्ये बसल्यावर डोळे भरून आले, ते अजूनही आठवलं की भरतात.

त्यानंतर मला आपल्या गावांतल्या बाजारांचा फार विचार येतो. दादरला, पुण्याच्या मंडईत बाहेरून आलेला एखादा माणूस धीर करून 'केवढ्याला दिले?' असं अडखळत विचारतो आणि आपण त्याला पटकन हिंदीत उत्तर देतो. वर तो मराठी शिकत नाही म्हणून तक्रारही आपणच करतो. त्याच्यासाठी पाटीवर हात ठेवून थांबणारं कुणी असेल का? असेलही. चांगली माणसं सगळीकडे असतात, आणि बहुतेक ती अशीच टेबलामागे उभी असतात, हाताला माती लागलेली, आपण काही विशेष केलं हे गावीही नसलेली.

आता सप्टेंबर लागला. मटार संपला, तुमच्या टेबलावर पिवळ्या धमक कान्तारेल्ली अळिंब्या आणि लालचुटुक पुओलुक्का बेरी आल्या. तुम्ही आता मला भाव भराभर सांगता, बाकीच्यांना सांगता तसा, आणि तो मला कळतो. गेल्या शनिवारी तुम्ही वीसच्या नोटेचे सुटे परत देताना पावसाबद्दल काहीतरी लांबलचक बोललात. निम्मं समजलं, उरलेलं पुढच्या शनिवारी विचारणार आहे.

येत्या जुलैत आई येते आहे. तिला फिन्निशही येत नाही आणि इंग्रजीही नाही, पण तुमच्या मटारच्या चार शेंगा सोलून बघितल्याशिवाय ती माप भरू देणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. तिच्या वतीने भाव मी विचारेन.

तुमची ऋणी,
दर शनिवारी हिरवी कापडी पिशवी घेऊन येणारी