गेमचीही परीक्षणे छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या मोबाइल-वेडावर आपल्या पानावर सध्या बरीच पत्रे येत आहेत. गेम म्हटला की वाईटच, असा बहुतेकांचा सूर. मला तो पटत नाही. माझा घड्याळ दुरुस्तीचा धंदा आहे, वय 46, आणि त्या धंद्याला लागणारी सबुरी मी एका गेममध्ये शिकलो.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ 1985 साली जपानमध्ये निघाला. आमच्या घरी तो पुष्कळ उशिरा, टीव्हीला जोडायच्या नकली कन्सोलच्या पिवळ्या कॅसेटमधून आला. पहिले तीन टप्पे पार केले की चौथ्यात किल्ला लागतो. तिथे एका ठोकळ्याभोवती आगीच्या सहा गोळ्यांची काठी गरगर फिरत असते. फायर बार हे तिचे नाव मला फार उशिरा कळले. आम्ही ‘आगकाठी’ म्हणायचो. तिला मारता येत नाही. मारिओला, म्हणजे आपण खेळवतो त्या गड्याला, आग फेकायची ताकद मिळालेली असली तरी तिच्यापुढे उपयोग नाही.

मी धावत सुटायचो आणि मरायचो. ताई मागे पलंगावर बसून म्हणायची, “थांब रे. वर जाऊ दे तिला, मग पळ.” काठीच्या टोकापासून एक वीट अलीकडे उभे राहायचे. शेवटचा गोळा नाकासमोरून वर गेला की सुटायचे. पुढे अरुंद बोळ येतो, तिथे घाबरून उडी मारली की डोके छताला आपटते आणि मारिओ खाली आगीवरच येतो. वर कोपऱ्यात वेळ 300 पासून उलटा पळत असतो, तरी थांबायचेच. आज चिमट्यात बॅलन्स व्हील, म्हणजे घड्याळाची चाल नियमित ठेवणारे चाक, धरून बसतो तेव्हा ताईचा तो ‘थांब रे’ मला ऐकू येतो.

महत्त्वाचे म्हणजे ती काठी फसवत नाही. एकदा फिरायला लागली की वेग तोच, दिशा तीच. चार टप्प्यांचे एक ‘जग’; पाचव्या जगाच्या किल्ल्यात दुप्पट लांबीची काठी येते, पण नियम बदलत नाही. मेलात तर चूक तुमची, आणि ती सुधारता येते. हा खेळ रचणाऱ्या शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांची ही कारागिरी आहे. आमच्या धंद्यात याला सच्चे काम म्हणतात.

मागच्या दिवाळीत नऊ वर्षांच्या भाच्याशेजारी बसून त्याचा फोनवरचा गेम पाहिला. पोरगा चांगला खेळत होता. तिसऱ्यांदा हरल्यावर आधी जाहिरात आली, मग पुढे जायचे तर पैसे भरा म्हणून चौकट. त्याने माझ्याकडे पाहिले. “मामा, भरू?” अडथळा ओलांडायला शिकवण्याऐवजी तो विकायला काढला होता. मला फार वाईट वाटले.

चित्रपट, नाटके, पुस्तके यांची परीक्षणे आपण छापता. गेमचीही छापा, आणि ती स्वतः खेळून लिहिणाऱ्याकडून घ्या. अडथळा सरळ आहे की लबाड, हरल्यावर मुलाला पुन्हा खेळू देतात की खिशात हात घालायला लावतात, एवढे जरी मराठीत वाचायला मिळाले तरी माझ्या बहिणीसारख्या आयांना फोन हातात देण्यापूर्वी ठरवता येईल. लिहिणारा कोणी मिळत नसेल तर सोमवारी माझे दुकान बंद असते, मी खेळून लिहून देईन.

– एक घड्याळ दुरुस्ती कारागीर, सांगली