नियमाचे अर्धेच वाक्य

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला क्रेडिट कार्डावरचा लेख वाचला. (आमच्या भागात रविवारची पुरवणी सोमवारी येते, पण तो विषय वेगळा.) लेखकमहाशयांनी चौकटीत ठळक छापले आहे की, कार्ड बंद करायला सांगितल्यावर बँकेने कामकाजाच्या सात दिवसांत ते बंद केले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे पाचशे रुपये ग्राहकाला मिळतात. बरोबर आहे, रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत तसे आहे. मात्र त्या वाक्याला शेपूट आहे: कार्डावर काही बाकी नसेल तर. ते आपल्या चौकटीत मावले नसावे. माझे सगळे रामायण त्या शेपटातच घडले, आणि लंका माझीच जळली.

माझे पेन्शन ज्या बँकेत जमा होते, तिथल्या एका तरतरीत मुलाने दोन वर्षांपूर्वी हे कार्ड गळ्यात मारले. "काका, पहिलं वर्ष फुकट, नको वाटलं तर एक फोन करा, बंद." कार्डासोबत जाडजूड पुस्तिका आली. वर्षातून आठ वेळा विमानतळावरच्या लाउंजमध्ये बसण्याची सोय आणि गोल्फचे चार मोफत डाव. मी मिरजेत राहतो, मुंबईला जायचे तर महालक्ष्मी एक्सप्रेसने जातो, आणि गोल्फची काठी उजव्या हातात धरतात की डाव्या, हे मला आजही ठाऊक नाही. दुसऱ्या वर्षी फी लागली तेव्हा मी फोन केला, त्यांनी ती माफ केली, मी खूश झालो. चूक तिथेच झाली. कार्ड तेव्हाच बंद करायला हवे होते.

यंदा ६ जानेवारीला, फी लागायच्या आधीच, फोन लावला. मराठीसाठीचा आकडा दाबला, बाई हिंदीत बोलल्या. कार्ड बंद करायचे आहे म्हटल्यावर आवाजात एकदम साखर आली. का बंद करताय, पॉइंट बुडतील, सिबिल (कर्जफेडीच्या सवयीचे गुण) खाली येईल, वर्षात चार लाख खर्च केलेत तर फी परत मिळेल. चार लाख! मी तीनदा म्हणालो, "मॅडम, बंद कर दीजिए." शेवटी "आपको कॉल आएगा" असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. कॉल काही आला नाही. १४ तारखेला बिल तेवढे आले. वार्षिक फी ४,९९९, त्यावर अठरा टक्के जीएसटी, मिळून ५,८९८ रुपये ८२ पैसे.

पुन्हा फोन. या वेळी एक सद्गृहस्थ होते, त्यांनी कॉम्प्युटरवर बघून शांतपणे सांगितले की ६ तारखेला बंद करण्याची विनंती नोंदलेलीच नाही. नोंद अशी आहे की ग्राहक ऑफरवर विचार करून कळवतील.

संपादकसाहेब, मी चौतीस वर्षे सरकारी कार्यालयात काढली, शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून. आवक-जावक रजिस्टर हातात होते. पक्षकार जे बोलला नाही, ते त्याच्या नावावर शेरा म्हणून लिहायचे, ही गोष्ट आमच्यातला सगळ्यात आळशी कारकूनही करत नसे. कागद हरवायचे, फायली वर्षभर टेबलावर पडायच्या, मान्य आहे. पण खोटा शेरा? त्यावर चौकशी लागायची. इथे मी कोणाकडे बोट दाखवू? त्या बाईंचे नाव विचारले तर "सुरक्षेच्या कारणास्तव" सांगता येत नाही. रेकॉर्डिंग मागितले तर ते "अंतर्गत प्रशिक्षणासाठी" असते.

मी फी भरणार नाही म्हटले. आधी भरा, मग बंद करू, असे उत्तर आले. म्हणजे ज्या रकमेबद्दल भांडण, तीच बाकी. आणि बाकी आहे म्हणून कार्ड बंद होत नाही. आणि कार्ड बंद होत नाही म्हणून पाचशे रुपयांचे घड्याळही सुरू होत नाही. आहे की नाही मौज?

भरले नाहीत. फेब्रुवारीच्या बिलात लेट फी ७५०, महिना पावणेचार टक्क्यांनी व्याज, दोन्हींवर जीएसटी. ७,०४४ रुपये ८५ पैसे. मग वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले, एक दुपारी साडेतीनला, नातू झोपला असताना. सौ. म्हणाल्या, "भरून टाका हो, ब्लडप्रेशरच्या गोळ्या काय फुकट येतात?" १६ तारखेला ७,०४५ भरले. पंधरा पैसे जास्तच.

आता तरी बंद करा म्हटल्यावर सांगण्यात आले की लेखी अर्ज आणि चार तुकडे केलेल्या कार्डाचा फोटो परराज्यातल्या एका पत्त्यावर पाठवा. कार्ड बंद करण्यासाठी टपालाचीच सक्ती करून उशीर लावायचा नाही, हेही त्याच निर्देशांत आहे. तरी पाठवले, सोबत तक्रारही जोडली. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, पोचकार्ड परत यायचे सुख काही माझ्या वाट्याला आले नाही. मोबाइलवर "वितरित" एवढेच दिसले.

मार्चच्या बिलात पुन्हा बाकी. म्हणे १४ ते १६ फेब्रुवारी या दोन दिवसांचे व्याज आणि त्यावर जीएसटी. १९ रुपये ६७ पैसे. मुळात १९.८२ होते, माझे जादा पंधरा पैसे तेवढे प्रामाणिकपणे वजा केलेत. याबद्दल बँकेचे आभार.

वादातली रक्कम "बाकी" धरू नये, आणि फोनवरच्या विनंतीचा क्रमांक त्याच क्षणी मोबाइलवर यावा, एवढे दोन बदल रिझर्व्ह बँकेने केले तरी पुष्कळ आहे. बँकेचे उत्तर आले नाही तर तीस दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. फी नाही, वकील लागत नाही. माझे तीस दिवस परवा भरतात. पुतण्याने ऑनलाइन अर्ज भरून ठेवला आहे, मी फक्त तारखा तपासल्या.

आपला,
एक निवृत्त हेडक्लार्क, मिरज

ता. क. ज्या अंकात हा लेख आला, त्याच अंकाच्या पहिल्या पानावर अख्ख्या पानाची जाहिरात होती. क्रेडिट कार्डाचीच. बातम्या तिसऱ्या पानापासून सुरू झाल्या. जाहिरातीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत अटी होत्या, त्या भिंगातूनही वाचता आल्या नाहीत. शब्दकोड्याच्या चौकटीही हल्ली त्याच मापाच्या होत चालल्या आहेत, त्याकडे कृपया लक्ष द्यावे.