अंक वाचवणाऱ्या दोघांचे आभार

आमच्या कवितेच्या नियतकालिकाचा ताजा अंक वेळेवर निघाला, तो अक्षरजुळणी करणाऱ्या ताई आणि त्यांच्या मदतनीसामुळे. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना ऐन छपाईच्या तोंडावर रफार भलत्याच अक्षरांवर गेले, जोडाक्षरं फुटली, ओळी एकमेकींत मिसळल्या. गद्यात हे निस्तरता येतं; मुक्तछंदात ओळ कुठे तुटते यावरच पुष्कळदा अर्थ अवलंबून असतो.

नामवंत कवींचे संग्रह ताडून पाहायला हाताशी होते. नवोदितांनी कविता पुन्हा पाठवल्या. अडचण होती ती एका दुर्लक्षित ज्येष्ठ कवींची. त्यांचं फक्त हस्तलिखित, तेही पुसट. ताईंनी त्यांना फोन लावला. दृष्टी अधू, म्हणून एकेक ओळ मोठ्याने वाचून दाखवली आणि 'इथे थांबायचं ना?' असं विचारत विचारत कविता नव्याने लावली. मदतनीस शेजारी बसून झेरॉक्सवर पेन्सिलीने खुणा करत होता. कवी मध्येच आठवणींत रमले, तरी दोघांनी घाई केली नाही.

नाव छापू नका म्हणालात, म्हणून छापत नाही. पण अंक हातात पडताच त्या कवींनी आधी तुमचीच चौकशी केली, हे तुम्हाला कळायला हवं. मनापासून आभार!