बुरशीचे घड्याळ आणि खोलीतला उजेड

संपादक महोदय,

जैविक घड्याळावरचे लेख माणसाच्या झोपेपासून सुरू होतात आणि फळमाशीपाशी थांबतात. न्यूरोस्पोरा क्रासा ही नारिंगी बुरशी त्यांत क्वचितच येते. डोळे नाहीत, मेंदू नाही, तरी तिची जनुके दिवस-रात्र पाळतात आणि त्याचा परिणाम काचनळीत वाढताना रोज उमटणाऱ्या नारिंगी बीजाणूंच्या पट्ट्यांच्या रूपाने नुसत्या डोळ्यांना दिसतो. महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांत तिला जागा मिळायलाच हवी.

'व्हाइट कॉलर-१' आणि 'व्हाइट कॉलर-२' ही प्रथिने जोडीने 'फ्रिक्वेन्सी' हे जनुक चालू करतात. त्यातून तयार झालेले प्रथिन या जोडीलाच निष्क्रिय करते. मग त्याच्यावर एकेक फॉस्फेट गट चढत जातो, त्याचा जोर ओसरतो आणि जोडी पुन्हा कामाला लागते. अंधारात, २५ अंश सेल्सिअसला, हा फेरा सुमारे २२ तासांचा असतो. 'व्हाइट कॉलर-१' स्वतःच निळा प्रकाश टिपते, त्यामुळे उजेड पडताच काही मिनिटांत फ्रिक्वेन्सीचा आरएनए वाढतो. हा उजेड रात्रीच्या सुरुवातीला पडला तर घड्याळ मागे पडते, रात्र सरताना पडला तर पुढे जाते.

हे पट्टे मोजण्याचा प्रयोग बहुधा या उजेडापायीच फसतो. दोन्ही टोके वर वाकवलेली, ३०-४० सेंटिमीटरची नळी घ्यावी. तिच्यात फोगेल क्षार (बुरशी वाढवण्यासाठीचे ठरावीक क्षारमिश्रण), ०.१ टक्का ग्लुकोज, ०.१७ टक्के आर्जिनिन, थोडे बायोटिन आणि १.५ टक्के अगर यांचे माध्यम आडवे गोठवावे. एका टोकाला बीजाणू लावून एक दिवस सतत उजेडात आणि मग पूर्ण अंधारात ठेवावे. रोज ठरलेल्या वेळी वाढीच्या कडेवर काचेवर खूण करायची, ती फक्त लाल दिव्यात. मोबाइलचा पांढरा टॉर्च चालत नाही, त्यात निळा प्रकाश भरपूर असतो. सतत उजेड राहिला तर पट्टे उमटतच नाहीत.

दुसरी चूक वाणाची. बंद नळीत साठणारा कार्बन डायऑक्साइड साध्या वाणातले पट्टे पुसट करतो, म्हणून 'बँड' उत्परिवर्तन असलेला वाणच लागतो. तापमानही स्थिर हवे, कारण त्याच्या चढउताराशीही घड्याळ जुळवून घेते.

हिशेब सोपा आहे. २४ तासांच्या दोन खुणांत ३० मिलिमीटर आणि दोन पट्ट्यांच्या मध्यांत २८ मिलिमीटर अंतर असेल, तर आवर्तन २२.४ तासांचे. शेजारी फ्रिक्वेन्सीचे १६ आणि २९ तासांचे उत्परिवर्तित वाण लावले, तर एकाच जनुकातल्या बदलाने पट्टे जवळ येतात किंवा लांब जातात, हे विद्यार्थी स्वतः मोजतील.

नळ्या मात्र धुण्याआधी, टोकांचे कापसाचे बोळे न काढता, ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) कराव्यात. हे बीजाणू हवेत सहज उडतात आणि एकदा पसरले की प्रयोगशाळेतल्या इतर सर्व संवर्धनांत शिरतात.

– बुरशीशास्त्राचे अध्यापक