संशोधनात सिद्ध झालं म्हणजे नक्की काय झालं?

माननीय संपादक साहेब,
स.न.वि.वि.

सोलापुरात पूर्व भागात माझं मेडिकलचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. सकाळी शटर उघडून अगरबत्ती लावली की पहिलं काम पेपर वाचायचं. आजपर्यंत कधी पत्र लिहिलं नाही पण मागच्या आठवड्यात एक प्रकार झाला म्हणून लिहितोय. लांबलं तर कात्री लावा पण दालचिनीचं तेवढं ठेवा.

आमच्याकडे एक मावशी येतात, विड्या वळतात. महिन्याच्या महिन्याला शुगरच्या गोळ्या नेणाऱ्या बाई, दोन महिने फिरकल्याच नाहीत. मला वाटलं दुसरीकडे स्वस्त मिळत असतील. परवा आल्या त्या मलम मागायला, पायाच्या अंगठ्याला जखम, महिना झाला भरेना म्हणे. मशीनवर टोचून बघितलं तर शुगर 380. गोळ्या चालू आहेत ना विचारलं तर पिशवीतून चार घड्या घातलेलं पेपरचं कात्रण काढून काउंटरवर ठेवलं, "हे घेते की आता, पेपरात आलंय". हेडिंग होतं, दालचिनीने मधुमेह आटोक्यात, संशोधनात सिद्ध. खाली सहा ओळी. कुठल्या पेपरचं ते कळायला मार्ग नाही, फाडताना वरचा भाग गेलाय, त्यामुळं तुमचंच आहे असं मी म्हणत नाही. मावशींना तिथनं थेट सिव्हिलला पाठवलं, मलम दिलं नाही.

माझी पुतणी बी.फार्मला आहे. बातमीत 60 रुग्ण आणि 40 दिवस एवढा धागा होता, त्यावरून तिनं रात्री मोबाईलवर मूळ संशोधन हुडकून काढलं. 2003 सालचं, पाकिस्तानात झालेलं, अमेरिकेतल्या डायबेटिस केअर नावाच्या जर्नलमध्ये छापून आलेलं. म्हणजे अभ्यास खोटा नाही बरं का, अगदी खरा आहे, उपाशीपोटीची शुगर 18 ते 29 टक्के कमी झाली असं त्यात लिहिलंय. पण ते 60 लोक म्हणजे दहा-दहाचे सहा गट, तीन गटांना दालचिनी आणि तीन गटांना नुसती दिखाऊ कॅप्सूल. दहा माणसं म्हणजे आमच्या गल्लीतल्या भिशीतसुद्धा जास्त असतात. शिवाय 40 दिवस. एचबीए1सी, ज्याला आपण तीन महिन्यांची शुगर म्हणतो, ती त्यांनी मोजलेलीच नाही आणि 40 दिवसांत ती नीट कळणारही नाही, कारण रक्तातल्या लाल पेशीच साधारण 120 दिवस जगतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी वाचून मी दोनदा खात्री केली, त्या साठच्या साठ लोकांच्या शुगरच्या गोळ्या पूर्ण वेळ चालू होत्या! दालचिनी गोळ्यांच्या जोडीला होती, गोळ्यांच्या जागी नव्हती. बातमीत हे एक वाक्य असतं तर मावशींचा अंगठा चिघळला नसता असं मला वाटतं.

पुढं 2012 ला कोक्रेनवाल्यांनी, म्हणजे जगभरातले असे अभ्यास गोळा करून एकत्र तपासणारी जी संस्था आहे तिनं, दालचिनीवरच्या 10 चाचण्या, 577 लोक, असं सगळं एकत्र बघितलं आणि मधुमेहासाठी दालचिनी वापरा असं सांगायला पुरेसा पुरावा नाही असं म्हटलं. ते कुणाच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं मला तरी दिसलं नाही.

साहेब, माझी तक्रार त्या 'सिद्ध' शब्दावर आहे. मला आठवतंय 2021 चा एप्रिल, कोरोनाची दुसरी लाट, दुकानासमोर रात्री बारा वाजता लोक उभे, रेमडेसिविर आहे का, प्लाझ्मा, म्हणजे कोरोनातून बऱ्या झालेल्याच्या रक्तातला पातळ भाग, कुठं मिळेल. व्हॉट्सअॅपवर रक्तगट टाकून अख्खं गाव डोनर शोधत होतं. ज्याला प्लाझ्मा दिला तो बरा झाला की नाव प्लाझ्माचं, गेला तर नशीब. आणि गंमत म्हणजे त्याच्या सहा महिने आधी, ऑक्टोबर 2020 मध्येच, आपल्याच आयसीएमआरची, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, चाचणी छापून आली होती. 39 हॉस्पिटलं, 464 पेशंट, कुणाला प्लाझ्मा द्यायचा आणि कुणाला नाही ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं, डॉक्टरच्या मर्जीवर नाही. आजार गंभीर झाला किंवा पेशंट दगावला असे प्लाझ्मावाल्यांत 19 टक्के, बिनप्लाझ्मावाल्यांत 18 टक्के. म्हणजे काहीच फरक नाही. सरकारी नियमावलीतून प्लाझ्मा निघाला 17 मे 2021 ला. तोपर्यंत किती पोरं रात्री-अपरात्री बाईकवर बाटली आणायला पळाली ते आम्ही डोळ्यानं बघितलंय.

चिठ्ठी का टाकायची हे लोकांना कुणी सांगतच नाही. डॉक्टरनं निवडलं तर तो साहजिक धडधाकट दिसणाऱ्याला नवीन औषध देतो, किंवा उलट, आता काही उरलं नाही म्हणून शेवटच्याला देतो, मग बरं कशानं झालं ते कसं कळणार. आणि हे काय कालचं शास्त्र नाही, 1948 ला इंग्लंडमध्ये टीबीवर स्ट्रेप्टोमायसिन असंच तपासलं, आणि आपल्याकडं मद्रासला 1956 पासून टीबीच्या पेशंटला सॅनेटोरियममध्ये ठेवायचं का घरीच औषध द्यायचं हेसुद्धा असंच बघितलं, घरचे पेशंट तितकेच बरे झाले. दाटीवाटीच्या घरातला माणूससुद्धा औषधानं बरा होतो हे आपल्या देशानं जगाला दाखवलं, पण आपल्यालाच माहीत नाही.

उलट बाजूही सांगतो नाहीतर म्हणाल हा माणूस सगळ्यालाच नावं ठेवतो. डेक्सामेथासोन, आमच्या भाषेत डेक्सा, काही रुपयांची पट्टी, इतकी वर्षं मी विकतोय. जून 2020 ला ऑक्सफर्डच्या रिकव्हरी चाचणीत कोरोनाच्या 6 हजारावर पेशंटमध्ये निघालं की व्हेंटिलेटरवरचे मृत्यू तिसऱ्या हिश्श्यानं आणि ऑक्सिजनवरचे पाचव्या हिश्श्यानं कमी झाले. पण पुढची ओळ अशी होती की ज्याला ऑक्सिजनची गरज नाही त्याला काही फायदा नाही. ती ओळ लोकांपर्यंत पोचली नाही. ताप आला की दुसऱ्या दिवशी डेक्सा मागायला यायचे, त्यातले निम्मे शुगरवाले, डेक्सानं शुगर आणखी वाढते, आणि नंतर म्युकरनं, म्हणजे काळ्या बुरशीनं, काय केलं ते तुम्ही पेपरात छापलंच आहे.

आता मोठं जर्नल म्हणजे खरंच, असंही नाही. 22 मे 2020 ला लॅन्सेटमध्ये आलं की हायड्रॉक्सिक्लोरोक्विननं, म्हणजे मलेरियाची जी गोळी कोरोनावर देत होते तिनं, जास्त माणसं मरतात, 671 हॉस्पिटलं, 96,032 पेशंट. जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या चाचणीत ते औषध तात्पुरतं थांबवलं. मग लोकांनी विचारलं की एवढी माहिती आली कुठून, तर ज्या सर्जिस्फिअर कंपनीनं ती दिली होती तिनं मूळ आकडे तपासायला द्यायला नकार दिला, आणि 4 जूनला तो अभ्यासच मागे घेतला गेला. तेरा दिवसांत. नंतर रिकव्हरीमध्येही त्या गोळीचा फायदा दिसला नाहीच, पण म्हणून आधीचा हिशोब खरा ठरत नाही. 22 मेची बातमी पहिल्या पानावर वाचलेली मला आठवतेय, मागे घेतल्याची कुठं आली होती का ते मला आठवत नाही, तुमच्या जुन्या फाइलीत असेल तर बघा.

टक्क्यांचंही तसंच. इंग्लंडमध्ये 1995 ला जाहीर झालं की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गाठ होण्याचा धोका दुप्पट होतो. बायकांनी घाबरून गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी अंदाजे 13 हजार गर्भपात जास्त झाले. दुप्पट म्हणजे किती, तर 7 हजारात एक ऐवजी 7 हजारात दोन. माझ्याकडं एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, येतात ते असेच ग्राफ दाखवतात, चकचकीत कागद, त्यांचा खांब कमरेएवढा आणि दुसऱ्याचा घोट्याएवढा, आणि खाली बघितलं की आकडे शून्यापासून नाही तर 90 पासून सुरू. मी हसतो, तोही हसतो, चहा पितो आणि जातो.

अजून एक, आपल्या देशात औषधाची चाचणी सुरू करायच्या आधी सीटीआरआय नावाच्या सरकारी साइटवर नोंद करावी लागते, 2009 पासून सक्तीची आहे, कुणीही मोबाईलवर बघू शकतं. नोंद कशाला? गोट्या खेळताना पोरं आधी बोलायला लावतात, कुठली गोटी मारणार सांग, नाहीतर कुठलीही लागली की हीच मारायची होती म्हणून मोकळा. हे तसंच आहे. वजन मोजायला निघाले आणि वजन काही कमी झालं नाही म्हणून झोप सुधारली असं छापलं तर नोंदीत पकडता येतं.

तर विनंती एवढीच की आरोग्याची बातमी छापताना खाली दोन ओळी जास्त घाला, माणसांवर झालंय का उंदरांवर, किती जणांवर, किती दिवस, कशाशी तुलना केली, चालू औषधं बंद केली होती का नाही, पैसे कुणी दिले. जागा नसेल तर शेजारची साडीच्या सेलची जाहिरात थोडी बारीक करा. आणि एखादा अभ्यास मागे घेतला गेला तर ज्या पानावर आधी छापला होता त्याच पानावर तेही येऊ द्या.

मावशींची शुगर परवा 210 होती, गोळ्या परत चालू आहेत, ड्रेसिंगला एक दिवसाआड जातात. कात्रणाची झेरॉक्स सोबत जोडतोय. ओरिजिनल त्यांनी परत मागून नेलं. मी म्हटलं आता कशाला, तर मागच्या बाजूला मोतीबिंदू शिबिराची तारीख आहे म्हणे.

आपला नम्र,
एक औषध दुकानदार, सोलापूर